तुझ्या नखांचा वास

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२४ ऑगस्ट

क्षिप्रा,

नावामागे ‘प्रिय’ लिहिलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. दोन गणपतींपूर्वी मीच तुला सांगितलं होतं की माझ्या घराची पायरी चढू नकोस, आणि तुझा नंबरही मीच ब्लॉक केला. तो आता उघडायचा म्हणजे ताईला गरज पडली हे तुला कळणार. म्हणून पत्र लिहितेय. तुझा द्वारकेचा पत्ता मला पाठ आहे.

सरळ विचारते. हे दर शनिवारी तुझ्याकडे येतात ना?

नाही म्हणू नकोस. सकाळी चहासुद्धा न घेता निघतात, ‘ऑफिसचं काम आहे’ म्हणतात, आणि आयएनएला मेट्रोत बसतात. भारत सरकारचं कुठलं काम शनिवारी सकाळी उपाशीपोटी सुरू होतं, ते सव्वीस वर्षांच्या संसारात मला कळलेलं नाही. परवा ह्यांचा फोन चार्जिंगला लावला होता तेव्हा मेसेज दिसला, ‘शनिवारी नाश्ता न करता या.’ नाव काय, तर ‘लॅब, द्वारका’. द्वारकेत लॅबवाली आमच्या ओळखीची एकच आहे. सख्ख्या मेहुणीला ह्यांनी फोनमध्ये लॅब करून ठेवलंय आणि मेहुणी ह्यांना नाश्त्याला बोलावतेय, हे मला कळायला वेळ लागला नाही.

बाकीचं मी कित्येक दिवस बघतेच आहे. हे बारीक होतायत. चोपन्नाव्या वर्षी सरोजिनी मार्केटमध्ये जाऊन पट्ट्याला नवं भोक पाडून आणलं, दोन पँटी आत घ्यायला टाकल्या. पुरुषमाणूस या वयात बारीक व्हायला लागला की कुणासाठी तरी होत असतो. पाणी तर इतकं पितात की माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो. रात्री तीन-तीनदा उठतात. बाथरूमला जातो म्हणतात, पण फोन हातात असतो. विचारलं तर म्हणे टॉर्चसाठी. घरी पोळीला हात लावत नाहीत, भाताकडे बघत नाहीत. ‘भूक नाही गं’ म्हणतात. द्वारकेला जेवून आलेल्या माणसाला लक्ष्मीबाई नगरात भूक कशी लागेल?

आणि वास. शनिवारी दुपारी घरी येऊन पाणी मागायला तोंड उघडलं की तोच वास येतो, नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा. मी नखं रंगवत नाही. आमच्या घरात ती बाटली नाही. पण तो वास मी विसरणं शक्य नाही. हिंगोलीला माझ्या लग्नाच्या सकाळी तू ट्रंकेमागे लपून नखं रंगवत बसली होतीस. बाबांचा आवाज आला म्हणून घाईने पुसायला गेलीस आणि अख्खी बाटली माझ्या शालूवर सांडलीस. अंतरपाटाच्या पलीकडे हे उभे होते आणि अलीकडे मी तुझ्या नखांच्या वासात उभी होते. आज तोच वास ह्यांच्या तोंडाला येतो. तोंडाला, क्षिप्रा. मी शर्ट हुंगून पाहिले, रुमाल हुंगून पाहिले, त्यांना नाही. यापुढचं मला लिहवत नाही.

तुला आठवत नसेल, मला आठवतं. हे मला बघायला आले तेव्हा विचारलं होतं, ‘वाचायला आवडतं का?’ मी मान खाली घालून उत्तर जुळवत होते. तेवढ्यात पंधरा वर्षांची तू पोह्यांच्या बश्या मांडता मांडता म्हणालीस, ‘ताई दिवाळी अंकच वाचते, मी सगळं वाचते.’ हे हसले. लग्न माझ्याशी केलं, पण आमच्या घरात पहिल्यांदा हसले ते तुझ्यामुळे. मग तू नोकरीला दिल्लीत आलीस आणि आमच्या बाल्कनीत तुमचं ते सेन्सर नि मॉलेक्यूल सुरू झालं. मी चहा घेऊन आले की इंग्रजी थांबायचं आणि ‘ताई, आज पोहे मस्त झालेत हं’ सुरू व्हायचं. लहान मुलाच्या हातात खुळखुळा द्यावा तसं. म्हणूनच मी तुला येऊ नकोस म्हटलं होतं, आणि पुन्हा म्हणेन.

आई तुला लाडाने म्हणायची, कानामागून आली नि तिखट झाली. मी लाडाने म्हणत नाही. सटवे, तुला अख्खी दिल्ली मोकळी होती. मानस पुण्याला शिकायला गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच आहोत. त्यातलं एक माणूस तू नेऊ नकोस.

सौ. हेमलता शांताराम वसमतकर
(सौ. मुद्दाम लिहिलंय.)


लक्ष्मीबाई नगर
११ सप्टेंबर

क्षिप्रा,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं! सख्ख्या बहिणीला कोणी टाइप केलेलं पत्र पाठवतं का? वर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ तेवढं राहिलं होतं.

तू म्हणतेस की हे तुझ्या लॅबमध्ये नळीत फुंकायला येतात. अगं, खोटं बोलायचं तर पटेल असं तरी बोल. पन्नाशी उलटलेला अंडर सेक्रेटरी मेट्रो बदलून द्वारकेला कशाला जातो, तर फुंकायला!

तरी तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मला काय कळलं ते लिहिते, म्हणजे नंतर ताई अडाणी आहे म्हणायला नको. पोटात धान्य गेलं नाही, किंवा डायबिटीसमुळे साखर अंगी लागेनाशी झाली, की शरीर चरबी जाळायला लागतं. त्या जळण्यातून ॲसिटोन तयार होतं. नेलपॉलिश पुसायच्या बाटलीत असतं तेच. ते रक्तातून श्वासात येतं. सगळ्यांच्याच श्वासात असतं थोडं, तुझ्या, माझ्या. तुमचा तो डबा ते मोजतो. बोट टोचायला नको, नुसतं फुंकायचं. आकडा एक-दोन आला तर ठीक, वाढत गेला तर सावध. खाऊन आलं की आकडा बदलतो म्हणून नाश्ता न करता बोलावतेस. डायबिटीसची माणसं हवीत अशी नोटीस ह्यांच्या ऑफिसच्या बोर्डावर लागली होती, हे आले, आणि बघतात तर समोर तू. अलीकडे ह्यांचा आकडा जरा वर असतो, कारण शेजारच्या टेबलावरच्या गुलाबरावांनी ह्यांना पोळी-भात सोडायचा सल्ला दिलाय, आणि त्यात ती मे महिन्यापासूनची नवी गोळी.

आणि मग तुझं ते वाक्य, ‘तुला उगाच त्रास नको म्हणून आम्ही दोघांनी न सांगायचं ठरवलं.’

आम्ही दोघांनी! बाई गं, हे वाचल्यावर मी गॅस बंद करून खाली बसले. समजा तुझं सगळं खरं. तर मला जास्तच झोंबलं. तुमचं काही असतं तर मला भांडता तरी आलं असतं. इथे काय आहे? माझ्या नवऱ्याच्या श्वासात काय असतं ते तुला आकड्यात ठाऊक आहे, आणि त्याच श्वासाशेजारी सव्वीस वर्षं झोपणाऱ्या मला काही ठाऊक नाही. त्यांनी कधी पोळी सोडली, का सोडली, तेही मला तुझ्याकडून कळायचं.

वर तुझा हुकूम. ‘नवरात्र येतंय म्हणून सांगते. ही गोळी चालू आहे तोवर भावोजींना उपास करू देऊ नकोस. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते, त्यामुळे बोट टोचून पाहिलं तर साखर बरी दिसते आणि आत विष वाढत राहू शकतं.’ माझ्या देवघरात काय चालेल आणि काय नाही, हे आता तू सांगणार? स्वतः कधी घट बसवले आहेस? सासूबाई गेल्यापासून या घरातलं नवरात्र मी एकटीने केलंय, कोणाला न विचारता.

मी ह्यांना काही बोललेले नाही. तुझं पत्र तांदळाच्या डब्यामागे ठेवलंय. त्यांनी मला सांगितलं नाही, मी त्यांना सांगत नाही, फिटंफाट. घरात सध्या आम्ही दोघंही फार गोड बोलतो.

हेमलता


लक्ष्मीबाई नगर
घटस्थापना, २२ सप्टेंबर

क्षिप्रा,

घट बसले. माहूरच्या रेणुकेचा टाक पुसला, परडीत माती घालून गहू पेरले, अखंड दिवा लावला. आणि ऐक, ह्यांनी पूर्ण नऊ दिवसांचा उपास धरलाय. सासूबाई होत्या तोवर धरायचे, मग सुटला होता. काल संध्याकाळी मी विषय काढला.

‘या वर्षी नुसतं उठता-बसता नको. आईंच्या वेळेसारखे नऊच्या नऊ दिवस धरा.’

‘अगं, आता डायबिटीस आहे. बघू.’

‘बघू नाही. हो म्हणा.’

‘त्या नव्या गोळीला उपास चालत नाही म्हणे.’

‘कोण म्हणतं?’

ह्यांनी रिमोट उचलला. टीव्हीचा आवाज उगाच कमी-जास्त करत राहिले. तुझ्या टाइप केलेल्या पत्रातलंच वाक्य होतं ते, क्षिप्रा. मी वाट बघत होते. ‘क्षिप्रा म्हणते’ एवढे दोन शब्द बोलले असते ना, तर मी भांडले असते, रडले असते, ताट आपटलं असतं, पण उपासाचं तिथेच सोडून दिलं असतं. ते नाव काही तोंडातून निघालं नाही.

‘डॉक्टर म्हणतात का?’ मी विचारलं.

‘नाही, असंच. वाचलं कुठेतरी.’

‘मग धरा.’

‘चलो, ठीक आहे,’ म्हणाले. शनिवारी घट सोडून बाहेर जायचं नाही, हेही कबूल करून घेतलं. नऊ दिवस द्वारकेचा नाश्ता बंद. तुझ्या डब्यात दुसऱ्या कोणाला फुंकायला सांग.

पाचवी माळ, २६ सप्टेंबर

वरचं लिहून पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकलंच नाही. जिंकल्या जिंकल्या दवंडी पिटू नये असं वाटलं. आज त्याच कागदावर पुढे लिहितेय.

हे उपास फार कडक करतायत. साबुदाणा नको, बटाटा नको, केळं नको, सगळ्याने साखर वाढते म्हणतात. मी खिचडी करून एकटी खाते. ह्यांचं म्हणजे ताक, मूठभर शेंगदाणे, पनीरचा तुकडा, बिनसाखरेचा चहा. गोळी मात्र रोज नेमाने, तीर्थ घ्यावं तशी.

काल ऑफिसातून लवकर आले आणि आज गेलेच नाहीत. पोटात दुखतंय म्हणतात. सकाळपासून दोनदा उलटी झाली. ‘डॉक्टरकडे चला’ म्हटलं तर म्हणतात, ‘ॲसिडिटी आहे गं, बिल्कुल ठीक आहे मी.’ आणि पडल्या पडल्या मोठमोठे सुस्कारे टाकतात. खोल ओढायचा, खोल सोडायचा, पुन्हा ओढायचा. स्वयंपाकघरात ऐकू येतात. पहिल्यांदा मला हसू आलं, नंतर डोकं फिरलं. उद्या शनिवार. कोणासाठी चाललेत हे सुस्कारे ते मला कळत नाही का? दिल्लीत परीक्षा द्यायला आलेली ती आपल्याकडची पोरं प्रेमभंग झाला की टाकतात तसे हे चोपन्नाव्या वर्षी टाकतायत.

दुपारी मी मशीनवर साखर बघितली. एकशे बासष्ट. गेल्या वर्षभरात इतकी छान आली नव्हती. म्हणजे आजार तर नाही.

पण वास येतोय, क्षिप्रा. धुपावरून, फुलांवरून येतोय. मघाशी खोलीत गेले आणि मला खिडकी उघडावी लागली. आठवडाभर हे ऑफिस सोडून कुठे गेलेले नाहीत, आज तर दारही ओलांडलेलं नाही. तू इथे नाहीस, तुझी बाटली इथे नाही, आणि वास तुझाच आहे. मग तो येतो कुठून? हे मला जुळवता येत नाही. तुझं ते ‘साखर बरी दिसते आणि आत विष वाढतं’ दुपारपासून डोक्यात फिरतंय. मी घाबरलेले नाही. तू खरं लिहिलं होतंस की मला भिववायला लिहिलं होतंस, तेवढं कळव.

स्पीड पोस्टने टाकतेय. साध्या पोस्टाने दसरा उजाडेल.

हेमलता


लक्ष्मीबाई नगर
९ ऑक्टोबर

क्षिप्रा,

तुझा नंबर ब्लॉकमधून काढलाय, ते तुला कळलंच आहे. तरी पत्र लिहितेय. फोनवर मला रडू येतं, मग तू ‘ताई, ताई’ करत बसतेस आणि मला म्हणायचं असतं ते राहून जातं.

हे आता हिंडतायत. गेल्या शनिवारी घरी आणल्यापासून दोन्ही वेळा पोळी खातात. ती गोळी डॉक्टरांनी कायमची बंद केली, सध्या इन्शुलिन आहे. गुलाबराव बघायला आले होते, त्यांना मी चहा दिला पण फारसं बोलले नाही.

सहाव्या माळेच्या दिवशीचं तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूचं माहीत नाही. दार वाजलं आणि तू उभी. केस विंचरलेले नाहीत, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात माझं पत्र. दारात ‘कुठे आहेत?’ एवढंच विचारलंस आणि घट बसलेल्या घरात चपला घालून थेट आत गेलीस. ह्यांना शुद्ध होती-नव्हती, मी त्यांना हलवून हाका मारत होते, तरी मला तुझ्या चपला दिसल्या. माझा स्वभाव हा असा आहे.

तू वाकलीस, ह्यांच्या तोंडाशी नाक नेलंस. तेव्हाही तुला बाजूला करायला माझा हात पुढे झाला. मग पिशवीतून तो डबा काढलास आणि मला म्हणालीस, ‘ताई, आधी तू फुंक.’ मला इतका संताप आला! नवरा पडलाय आणि ही मला फुंकायला लावतेय. डबा नीट चालतोय का ते तुला बघायचं होतं, हे नंतर कळलं. माझा आकडा चार आला, उपासाचा. ह्यांना धड फुंकताही येईना, तू नळी धरून ‘भावोजी, अजून थोडं, अजून’ म्हणत होतीस. आकडा चढतच राहिला. ऐंशीच्या पुढे गेल्यावर तू बघायचं सोडलंस आणि गाडी बोलावलीस.

नळी धरलेला तुझा हात तेव्हा मला दिसला. नखं कोरी होती. बारीक कापलेली, रंगाचा ठिपका नाही. गाडीची वाट बघताना, असल्या वेळी, मी तुला विचारलं, ‘नखं का नाही रंगवलीस?’ तू वेड्यासारखी माझ्याकडे बघत म्हणालीस, ‘लॅबमध्ये चालत नाही ताई. त्या वासानेच तर सेन्सर चुकतो. या कामाला लागल्यापासून मी ती बाटली घरातसुद्धा ठेवत नाही.’

म्हणजे ज्या वासावरून मी दोन महिने तुला शिव्या देत होते तो तुझ्याकडे नव्हताच. तो माझ्याच घरात, माझ्याच बिछान्यावर होता. आणि ते सुस्कारेही कोणासाठी नव्हते. अंगातलं आम्ल श्वासावाटे बाहेर टाकायला ह्यांचं शरीर धडपडत होतं, असं त्या डॉक्टरने समजावलं. मी शेजारच्या खोलीत बसून त्यांवर दात-ओठ खात होते.

हॉस्पिटलात त्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं, ‘ये स्मेल कब से है? वज़न कब से घटा? प्यास ज़्यादा लगती थी?’ मी बोटांवर दिवस मोजायला लागले. तू पर्समधून माझी पत्रं काढलीस आणि हिंदी करून वाचायला लागलीस. ऑगस्टपासून पाणी जास्त, रात्री तीनदा उठणं, पट्ट्याला नवं भोक, शनिवारी उपाशी असताना तोंडाला वास. पंचवीस तारखेपासून पोटदुखी, उलट्या, खोल श्वास. मी भिंतीला टेकून ऐकत होते. ‘सटवे’सारखं काही जवळ आलं की मी डोळे मिटायचे आणि तू न अडखळता पुढच्या ओळीवर जायचीस. तो म्हणाला, ‘मैडम ने बहुत अच्छा ऑब्ज़र्व किया है.’ तू म्हणालीस, ‘हाँ, मेरी दीदी की नज़र तेज़ है.’ क्षिप्रा, मला त्या क्षणी जमीन दुभंगून हवी होती.

मग नर्स म्हणाली की एकच जण थांबू शकेल. मी मनात भांडायला तयार झाले. तुला त्यांचे सगळे शब्द कळतात, तू थांबणार, मला घरी पाठवणार, असंच मी धरून चालले होते. तू म्हणालीस, ‘तू थांब ताई. घरी दिवा आहे ना? मी बघते.’

दसऱ्यापर्यंत दिवा तू राखलास. रोज फोन करून विचारायचीस, माळ कशाची, नैवेद्य काय, तेल किती. मी घरी येऊन बघते तर दिवा लख्ख, आणि परडीतलं धान वीतभर तरारलेलं. माझ्या हातून इतक्या वर्षांत कधी इतकं आलं नाही. खरं सांगते, त्याचाही मला मत्सर वाटला. देवीसुद्धा तुलाच वश, असं मनात आलं.

आता मुख्य गोष्ट. उपास मी धरायला लावला होता. तू नको म्हणालीस म्हणूनच धरायला लावला. देवीचं नाव पुढे केलं आणि माझा राग ह्यांच्या पोटात घातला. ‘अजून एक दिवस गेला असता तर’ असं म्हणून तो डॉक्टर थांबला होता, ते पुढचं वाक्य मला रोज ऐकू येतं. मी ह्यांना सगळं सांगितलं, तांदळाच्या डब्यामागच्या पत्रासकट. मला वाटलं आता हे तोंड फिरवणार.

ह्यांनी ते पत्र मागून घेतलं आणि वाचलं. मग म्हणाले, ‘मी पण भित्राच, यार. क्षिप्रा म्हणते, एवढंच म्हणायचं होतं. नाही जमलं.’ आणि थोड्या वेळाने, ‘हेमा, पट्ट्याचं भोकसुद्धा पाहिलंस तू? मला वाटायचं, मानस गेल्यापासून तू माझ्याकडे बघतच नाहीस.’

मी म्हटलं, बघत होते, पण तुम्हाला नव्हे. तुमच्या अंगावर तिला शोधत होते. हे हसले, मग मीही हसले, आणि मग मला जे रडू फुटलं ते ह्यांना आवरेना.

मत्सर गेला असं समजू नकोस. तुझं नाव निघालं की अजून एक बारीक काटा लागतोच. तो बहुधा माझ्याबरोबरच जाईल. फक्त आता तो मी उघड बोलते आणि हे ऐकतात. येत्या शनिवारी आम्ही दोघं येतोय, नाश्ता न करता. ह्यांचं फुंकून झालं की नाश्ता माझ्या डब्यातला, पोळ्या नि मेथीची भाजी. तुझ्यासाठीही आणेन. तुझ्या हातचं ह्यांना काही खायला घालू नकोस, अजून तेवढं मला सोसणार नाही.

तू इथे ठेवून गेलेलं यंत्र टीव्हीशेजारी आहे. रोज सकाळी हे उठले की आधी मी वास घेते आणि आकडा सांगते, मग हे फुंकतात. हे म्हणतात, ‘अच्छा, आता माझ्या तोंडावरून बहिणी-बहिणींची शर्यत!’ सोमवारपासून रोज माझा आणि तुझ्या डब्याचा आकडा जुळतोय. आज मात्र मी एक म्हटलं आणि त्याने दोन दाखवला.

शनिवारी येताना तुझा तो डबा घेऊन येते. एकदा तपासून घे.

तुझी,
ताई